चरीला (चाऱ्याच्या ज्वारीला) युरिया कधी द्यायचा

एकांनी विचारलंय की सगळा युरिया पेरतानाच टाकला तर मजुरी वाचेल ना? मजुरी वाचते हो, पण युरिया वाया जातो. आमचं इंदूरजवळ सांवेरकडे काळ्या मातीचं शेत आहे, तिथे जुलैत एक दणदणीत पाऊस झाला की पाणी साचतं आणि युरियातलं नत्र (नायट्रोजन) काही खाली उतरतं, काही हवेत जातं, आणि त्या वयाचं रोप असतं केवढंसं, ते खाणार किती!

एका कापणीच्या चरीला हेक्टरी 80 ते 100 किलो नत्र धरतात, म्हणजे एकरी युरियाच्या 45 किलोच्या साधारण दोन गोण्या. एक पेरताना, दुसरी 30 दिवसांनी, ओल असताना. कोरड्या जमिनीवर फेकून ठेवला तर अमोनिया होऊन उडतो, मग चरी पिवळी का म्हणून विचारत बसायचं. एमपी चरीसारखी पुन्हा फुटणारी जात असेल तर प्रत्येक कापणीनंतर एकरी 25 किलोच्या आसपास युरिया आणि लगेच पाणी.

वेळेवर नत्र मिळालं की पानं वाढतात, प्रोटीनही वाढतं. पण जास्त झालं आणि वरून पावसाने ताण दिला तर कोवळ्या चरीत विष (हायड्रोसायनिक ॲसिड) वाढतं, नायट्रेटही साठतं, तेही जनावरांना बाधतं. विष वाळवल्यावर बरंच उतरतं, नायट्रेट नाही उतरत, हे आमच्याकडे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. म्हणून पहिली कापणी 50-55 दिवसांच्या आत मी तरी करत नाही, शेजारचे काका कितीही घाई करोत.