प्रति: मेडिकल लाईन ठरलीय तर गणित सोडू का?

वर एकाने म्हटलंय की नीटच (मेडिकलची प्रवेश परीक्षा) द्यायची तर गणिताचं ओझं कशाला. नीटपुरतं पटतं, गणित नाही लागत. पण बायफोकलचं (अकरावी-बारावीला घ्यायचा व्यावसायिक विषय) कुणी बोललंच नाही! २०० मार्कांचं कॉम्प्युटर सायन्स मिळतंय म्हणून पोरं उड्या मारतात, पण त्याच्यापायी दुसरी भाषा आणि बरेचदा बायोही जातं, मग बीएससी नर्सिंग, फिजिओ सगळंच अवघड. बी.फार्मला मात्र पीसीएमही (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) चालतं. माझ्या भाचीने बायफोकल न घेता पीसीएमबी (म्हणजे गणित आणि बायो दोन्ही) ठेवलं, राज्याच्या सीईटीचे दोन्ही ग्रुप (गणिताचा आणि बायोचा) दिले, दमली बिचारी पण पर्याय उरले. आणि हो, बायो सुटलंच असेल तर २०२३च्या एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) नोटिशीप्रमाणे बारावीनंतर जादा विषय म्हणून देऊनही नीटला बसता येतं. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) तर आर्ट्सवाल्यांनाही करता येतं.