‘सरकारी अनुदान’ की ‘सार्वजनिक निधी’? प्रसार भारतीच्या संदर्भात

प्रश्न : दूरदर्शन आणि आकाशवाणी यांविषयीच्या मराठी लेखनात ‘सरकारी वाहिनी’, ‘स्वायत्त संस्था’ आणि ‘सरकारी अनुदान’ हे शब्दप्रयोग शेजारी शेजारी आढळतात. करदात्यांच्या पैशाला ‘सरकारी अनुदान’ म्हणणे योग्य आहे काय? तसेच अशा संस्थेला ‘जबाबदार’ म्हणावे की ‘उत्तरदायी’?

प्रतिसाद : ‘अनुदान’ हा शब्द चुकीचा नाही, परंतु तो अपुरा आहे. अनुदानित शाळांमुळे तो आपल्या अंगवळणी पडला आहे आणि त्यातला ‘दान’ हा अंश वाचकाच्या मनात देणाऱ्याचे औदार्य आणि घेणाऱ्याचे मिंधेपण नकळत उभे करतो. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या महामंडळाचा १९९० चा कायदा, जो १९९७ मध्ये अंमलात आला, या पैशाची वाट निराळी सांगतो. त्याच्या कलम १७ नुसार केंद्र सरकार महामंडळाला पैसे देते ते संसदेने कायद्याने विनियोजन केल्यानंतर. म्हणजे मंजुरी संसदेची आणि पैसा करदात्यांचा असतो. सरकार तो पोहोचवते. याच कलमात रेडिओ-दूरचित्रवाणी संचांच्या परवाना शुल्काचाही, ‘असल्यास’ अशा शब्दांत, उल्लेख आहे. हे शुल्क कायदा होण्यापूर्वीच, १९८० च्या दशकात, रद्द झाले होते. पोस्टात जाऊन परवान्याच्या पुस्तिकेवर तिकिटे लावून घेणाऱ्या पिढीला आपण आकाशवाणीसाठी काही मोजतो हे दिसत होते. शुल्क गेले तसा तो दुवा नजरेआड झाला, आणि आपला पैसा ‘सरकारचा’ वाटू लागण्यामागे मला हे मोठे कारण वाटते. जर्मनीने २०१३ मध्ये या आकारणीची पद्धत बदलून ती घरटी केली, तेव्हा तिचे नावही बदलले : ‘शुल्क’ या अर्थाचा शब्द जाऊन ‘अंशदान’ या अर्थाचा शब्द आला. ज्यांच्याकडून पैसा घ्यायचा त्यांना त्याचे स्वरूप नावातून कळावे, ही अपेक्षा आपणही ठेवायला हवी. म्हणून बातमीत ‘संसदेने मंजूर केलेला निधी’ किंवा निदान ‘सार्वजनिक निधी’ असे लिहावे.

‘स्वायत्त’ हा शब्द मात्र जपून वापरावा. कायद्याने महामंडळ वेगळे आहे. पण ५ ऑक्टोबर २००७ रोजी सेवेत असलेल्या कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेतून प्रतिनियुक्तीवर आलेले मानले जाते आणि त्यांच्या वेतनाचा भार केंद्र सरकार उचलते. अशा संस्थेला ‘कायद्याने स्वायत्त’ म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

आता ‘जबाबदार’ आणि ‘उत्तरदायी’. मुळात दोन्ही शब्दांत उत्तर आहेच, कारण ‘जबाब’ म्हणजेही उत्तर. परंतु रोजच्या मराठीत ‘जबाबदार’ दोन दिशांना सरकला आहे : ‘अपघाताला जबाबदार कोण’ यात तो दोषी ठरवतो, तर ‘जबाबदार अधिकारी’ यात केवळ पद दाखवतो. ‘उत्तरदायी’ म्हटले की ‘कोणाला?’ हा प्रश्न आपोआप येतो, आणि या विषयाचा गाभा तोच आहे. कायद्याने त्याची उत्तरे दिली होती : नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडून लेखापरीक्षण, संसदेपुढे वार्षिक अहवाल, बावीस खासदारांची समिती आणि श्रोते-प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद. यांपैकी शेवटच्या दोन यंत्रणा, कायदा लागू होऊन दोन दशके उलटल्यानंतरही, अस्तित्वात आल्या नव्हत्या. त्यामुळे हिशेबाची तपासणी होते, पण ‘हा कार्यक्रम का दाखवला आणि तो का वगळला’ असे विचारायला पैसा देणाऱ्या नागरिकाजवळ कायद्याने ठरवलेली जागा राहत नाही. म्हणून ‘प्रसार भारती जनतेला उत्तरदायी आहे’ असे वर्तमानकाळी विधान करू नये. ‘असायला हवी’ असे लिहावे.

दुसरा प्रतिसाद : वरील मत पटते. एकच भर घालतो. ‘सरकारी वाहिनी’ सरसकट बाद करू नये. १९९७ पूर्वीच्या दूरदर्शनला तो शब्द अचूक लागू पडतो, कारण तेव्हा ते माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या अखत्यारीतले खाते होते. त्यानंतरच्या काळासाठी ‘सार्वजनिक प्रसारक’ हाच शब्द धरावा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात, ज्यात न्या. पी. बी. सावंत यांचा सहभाग होता, प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले होते. त्या विशेषणाला तेव्हापासून कायद्याचे बळ आहे, आणि सह्याद्री वाहिनीविषयी लिहितानाही ते आग्रहाने वापरावे.