मनुस्मृतीतल्या शिक्षा : ‘त्या काळचं होतं’ म्हटलं की विषय संपतो का?

ताळेबंद_ऐरोली

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी वाचनाचा कट्टा भरतो. बहुतेक निवृत्त मंडळी, त्यातल्या त्यात लहान मीच (रबाळ्याच्या एमआयडीसीत अकाउंट्स बघते). सध्या मनुस्मृती चालू आहे. वाचणारे काका संस्कृतचे चांगले जाणकार, उच्चार ऐकत राहावेत असे. आठव्या अध्यायात ते २६६ व्या श्लोकावरून थेट ३३६ वर गेले. सामान्य माणसाला जिथे एक कार्षापण (तेव्हाचं नाणं, म्हणजेच पण) दंड, तिथे राजाला हजार! “बघा, कायदा राजालाही सोडत नव्हता.” सगळ्यांनी माना डोलावल्या.

मधली पानं मी घरी वाचली. शिवीगाळीचं चक्क दरपत्रक आहे हो. क्षत्रियाने ब्राह्मणाला शिवी दिली तर १०० पण, वैश्याने दिली तर १५० किंवा २००. ब्राह्मणाने क्षत्रियाला दिली तर ५०, वैश्याला २५, शूद्राला १२. आणि शूद्राने द्विजाला (म्हणजे वरच्या तीन वर्णांतल्या कोणाला) दिली तर पैशांत भागत नाही, जीभ कापायची. पुढच्या श्लोकात तापवून लाल केलेला दहा अंगुळं लांब लोखंडी खिळा तोंडात, त्याच्या पुढच्यात उकळतं तेल तोंडात आणि कानात. हे तेल कशासाठी, तर ब्राह्मणांना धर्म शिकवायचा उद्धटपणा केला म्हणून.

मी हिशेबाची बाई, मला आधी आकडेच दिसले. एका बाजूला १२ पण आणि दुसऱ्या बाजूला जीभ.

काकांना विचारलं. म्हणाले, “ताई, काळ कोणता होता ते बघा. आणि अमलात कोणी आणलंय ते?” बरं. पण मग राजाच्या दंडाचा श्लोक सनातन आणि जिभेचा तेवढा ‘त्या काळचा’, ही चाळणी कोणी दिली? ती आपल्याच मनाची असेल, तर पोथीचा अधिकार नक्की उरतो कुठे? भांडायला आलेले नाही. घरात देवघर आहे, एकादशीही असते.

कोर्टनाका_ठाणे

वकिली करतो, त्यामुळे कोरडं उत्तर. १७७२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने वारसा, लग्न, जात असल्या बाबींत हिंदूंना शास्त्राप्रमाणे न्याय द्यायचं ठरवलं आणि त्या गरजेतून पुढे विल्यम जोन्सचं मनुस्मृतीचं १७९४ चं इंग्रजी भाषांतर आलं. फौजदारी बाजू हेस्टिंग्जच्या त्या व्यवस्थेत नव्हतीच. १८६८ मध्ये तर प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधलं तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) सांगून टाकलं की रूढी स्पष्ट सिद्ध झाली तर ती ग्रंथातल्या वचनावर मात करते. आणि १९५० नंतर संविधानाचा अनुच्छेद १३ आहे, मूलभूत हक्कांविरुद्धचा कायदा तो रद्द ठरवतो. जिभेच्या श्लोकाचा कायदेशीर अधिकार शून्य. उगाच डोक्याला ताप.

ताळेबंद_ऐरोली

@कोर्टनाका कोर्टाबाहेरचं काय? १८९९ मध्ये पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाला पुराणोक्त (पुराणांतले) मंत्र म्हटले, कारण म्हणे वेदोक्ताचा, म्हणजे वेदमंत्रांचा, अधिकार नाही. कोणी कानात तेल ओतलं नाही, पण छत्रपतीला सुद्धा तुझी पायरी ही, असं तोंडावर सांगायची हिंमत त्याच पोथ्यांतून आली ना?

टेंभीनाका_शालोम

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू. टेंभी नाक्याजवळचं आमचं १८७९ चं सिनेगॉग बऱ्याच ठाणेकरांनी बाहेरून पाहिलेलं असतं. आमच्या तोरातही (मोशेच्या पाच पुस्तकांत) असलं आहे, म्हणून लिहितो. त्यातल्या ‘अनुवाद’ (Deuteronomy) या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात ऐकत नसलेल्या, खादाड आणि दारूड्या मुलाला आईबापांनी गावच्या वडीलधाऱ्यांपुढे न्यायचं आणि गावाने दगडांनी मारायचं, असा हुकूम आहे. ‘गणना’ (Numbers) या पुस्तकात शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी लाकडं गोळा करणाऱ्याला तसंच मारलंय.

रब्बींनी (आमच्या धर्मपंडितांनी) हुकूम खोडला नाही, पण अटी अशा घातल्या की तो लागूच होऊ नये. मांस इतकंच खाल्लेलं हवं, दारू इतकी प्यालेली हवी. एका रब्बींनी तर म्हटलं, आई आणि बाप आवाजाने, रूपाने, उंचीने सारखे हवेत! तालमूदमध्ये (रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात) पुढे सरळ मत आहे की असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही, अभ्यासाचं पुण्य लागावं म्हणून लिहिलंय. फाशीच्या बाबतीतही तेच. सत्तर वर्षांत एकाला मारणारं न्यायमंडळही एकाच्या मते घातकी ठरतं.

गंमत अशी की कोकणातल्या आमच्या पूर्वजांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ना रब्बी, ना तालमूद. शनिवारी तेलाचा घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. आज्ञा पाळली, शिक्षा गळून गेली.

एक मात्र सांगायला हवं. ‘कधी झालंच नाही’ या मताच्या लगेच खाली रब्बी योनातानचं म्हणणं नोंदवलेलं आहे : मी त्याला पाहिलंय, त्याच्या कबरीवर बसलोय.

कळवा_माळकरी

आपल्याकडेही वाट काढलीच होती की. कलिवर्ज्यं (कलियुगात करू नयेत अशा गोष्टी) बघा, धर्मशास्त्राचे अभ्यासक भारतरत्न काण्यांनी सविस्तर मांडलीत. आणि मनूच ४.१७६ मध्ये म्हणतो, ज्याचा शेवट दुःखात होतो आणि ज्याविरुद्ध लोक आक्रोश करतात तो धर्मसुद्धा सोडावा. नियोगाला (संततीसाठी स्त्रीने दिराकडून वा नातलगाकडून मूल होऊ देण्याला) नवव्या अध्यायात आधी मुभा देतो आणि चार-पाच श्लोकांत त्यालाच पशुधर्म म्हणतो. एका सुरातला ग्रंथच नाही हा. शिवाय चोरीचा दंड बघा, तिथे शूद्राला आठपट आणि ब्राह्मणाला चौसष्टपट.

ताळेबंद_ऐरोली

४.१७६ मी वहीत उतरवून घेतला, आभार. चौसष्टपट मान्य, पण ८.३८० ही वाचा : ब्राह्मणाने कुठलाही गुन्हा केला तरी त्याला मारायचं नाही, धनासकट देशाबाहेर घालवायचं. कलिवर्ज्यांतही ब्राह्मणांची मरणापर्यंत नेणारी प्रायश्चित्तं बंद केलेली दिसतात. आक्रोश कोणाचा ऐकू आला ते कळतंच.

आणि ‘कलियुगात करू नये’ म्हणजे ‘चूक होतं’ नव्हे. उलट आपण नालायक झालो म्हणून झेपत नाही, असाच सूर. आमच्याकडे चुकलेली एन्ट्री नुसती बाजूला ठेवून चालत नाही, उलटी नोंद टाकून खाली सही करावी लागते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती सही झाली, ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे तर जन्माने ब्राह्मण. पण ती झाली मनुस्मृतीची पोथीच जाळून. आतून कोणी केली का, एवढंच विचारतेय.

कळवा_माळकरी

केली. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाचा शेवट काढा. माउली म्हणतात वेद संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही, तीनच वर्णांच्या कानी लागला. आणि पुढे, “मागील उणें फेडावया” तो गीता झाला. उणं होतं, हे स्वच्छ म्हटलंय.

ताळेबंद_ऐरोली

हे मला नवीन. वाचते. पण ते उणं ऐकू न दिल्याचं झालं. शूद्राने वेद ऐकला म्हणून कानात कथील आणि लाख भरायला सांगणारं गौतम धर्मसूत्रातलं सूत्र आहे, त्याचं काय?

कळवा_माळकरी

ते १२.४. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात (१.३.३८) ते घेतलंय, आणि खोडायला नाही, आधार म्हणून घेतलंय. मी रोज हरिपाठ म्हणतो, आचार्यांची स्तोत्रंही म्हणतो. त्या पानावर माझ्याकडे उत्तर नाही.