नववीतली गळती: वस्तीकडून नेमकी काय मदत मागायची?

खडूफळा

मी नववीची वर्गशिक्षिका आहे. पटावर ४६ मुलं. गेल्या वर्षीच्या माझ्या वर्गातली चार मुलं दहावीत गेलीच नाहीत. चौघांपैकी एकानेही "शाळा सोडतोय" असं सांगितलं नाही. आधी एखाद्या सोमवारी दांडी, मग आठवड्यातून दोन दिवस, मग फक्त परीक्षेला उगवायचं, नंतर तेही बंद. त्यातल्या एका मुलीची प्रयोगवही अजून माझ्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर डोळ्याची आकृती सुबक काढलीय, भागांना नावं द्यायची राहिलीत. ती वही मला टाकवत नाही.

यंदा मुख्याध्यापकांनी समाजाला सोबत घ्यायचं ठरवलं. सभा झाली. आले ते पालक, ज्यांची मुलं रोज शाळेत असतात. वाचनालय चालवणारी मंडळी, दवाखान्यातल्या एक परिचारिका आणि काही निवृत्त लोक "काय हवं ते सांगा" म्हणून गेले. आणि काय मागायचं, हेच मला सुचत नाहीये. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

संध्याकाळची अभ्यासिका

मॅडम, मी अकरा वर्षं एका शाळेच्या जोडीने अभ्यासिका चालवते. सभागृह, वह्या, बक्षिसं यातलं काही आधी मागू नका. माणसं मागा, आणि एकेका मुलामागे एकच माणूस.

त्याआधी हजेरीपट घेऊन बसा. शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा जास्त दिवस बुडले की धोका समजायचा, हा बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा निकष आहे. वर्षाचे १८० दिवस धरले तर १८ दिवस, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. इतके कमी असतात म्हणूनच नजरेतून सुटतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रॉबर्ट बाल्फान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियातल्या मुलांची वर्षानुवर्षांची नोंद तपासली होती. सहावीत ८० टक्क्यांपेक्षा कमी हजेरी, गणितात नापास, इंग्रजीत नापास किंवा वर्तनाचा वाईट शेरा, यातली एक खूण जरी असली तरी अशा चार मुलांपैकी किमान तिघं पुढे हायस्कूल सोडून जात होती. म्हणजे तुमच्याकडे नववीत दिसतं ते आधीच्या पटांवर लिहिलेलं असणार. तेही मागवून घ्या.

आता आमच्या हातून झालेली चूक सांगते. पहिल्या वर्षी आम्ही यादी केली आणि सगळ्या स्वयंसेवकांना वाटून टाकली. एका मुलीच्या घरी पंधरा दिवसांत तीन वेगवेगळी माणसं जाऊन आली. घरच्यांना वाटलं, शाळेने तक्रार केलीय. मुलीने आम्हाला पाहून आतली खोली गाठली. ती परत आली नाही, आणि ते आमच्यामुळे झालं असं मला आजही वाटतं. तेव्हापासून एक मूल, एक मोठं माणूस, आणि किमान दोन वर्षं साथ. मिनेसोटा विद्यापीठात १९९० च्या सुमारास उभा राहिलेला 'चेक अँड कनेक्ट' हा उपक्रमही असाच चालतो. तिथला मार्गदर्शक निदान दोन वर्षं बांधील असतो, मुलाने शाळा बदलली तरी त्याला सोडत नाही.

एक मुलगा दर गुरुवारी गैरहजर असायचा. गुरुवारी गणिताची चाचणी, तेव्हा घाबरून दांडी मारतो असं सगळ्यांनी धरून चाललेलं. त्याच्यासोबतच्या काकांनी तिसऱ्या भेटीत सहज विचारलं, तेव्हा कळलं की तो आजीला घेऊन दवाखान्यात जातो. तिला कागद वाचता येत नाहीत, घरात दुसरं कुणी मोकळं नसतं. शाळेला हे सुटणारं नव्हतं. दवाखान्यातल्या ताईंनी आजीची वेळ संध्याकाळची करून दिली, तीन आठवड्यांत त्याचे गुरुवार भरू लागले. गणित मात्र तेवढ्याने सुटलं नाही. अवयव पाडणं त्याला येतच नव्हतं, सगळं त्याच गुरुवारांत बुडालेलं. त्यासाठी रोज संध्याकाळी बसून चार महिने लागले.

म्हणून त्या परिचारिकाताईंना सोडू नका.

आणि यादी बाहेर देण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. बुडालेले दिवस आणि कच्चे विषय, एवढंच स्वयंसेवकाला द्यायचं. घरातल्या गोष्टी मूल स्वतः सांगेल तेव्हाच.

तेविसाव्या वर्षी दहावी

मी दहावीत सोडली, तेविसाव्या वर्षी बाहेरून पास झालो. पहिल्या दहा दिवसांत शाळेतलं कुणीही घरी आलं असतं तर मी गेलो असतो. दोन महिन्यांनी निरोप आला. तोवर वर्गात पाऊल ठेवायचीच लाज वाटत होती. माझ्या बाकावर दुसरा मुलगा, वह्या कोऱ्या, आणि आधी एकदा परत गेलो होतो तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर विचारलेलं, "उगवलात का?" मॅडम, तोच शब्द तुमच्या प्रश्नात वाचला आणि पोटात कालवलं. तुमचा हेतू तसा नाही हे कळतं. पण मूल परत येईल त्या दिवशी ते कुठे बसणार आणि मागच्या वह्या कोण देणार, हे आदल्या दिवशी ठरवून ठेवा.

गणिताचे सर

वरचं सगळं पटलं, पण सगळा भार वस्तीवर टाकू नये. शिकागोत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नववीचं वर्ष ज्यांनी नीट पार पाडलं ती मुलं वेळेत शालान्त होण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट होती. नववी शाळेच्या हातात असते. पहिल्याच घटक चाचणीत नापास झालेल्यांची उजळणी लगेच सुरू करा, सत्र संपायची वाट पाहू नका. आणि गैरहजर राहिला म्हणून वर्गाबाहेर उभं करण्याची शिक्षा आधी बंद करा. ज्याचे तास बुडालेत त्याचे आणखी तास आपणच बुडवतो.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तो शब्द पुन्हा माझ्या तोंडी येणार नाही.

काल रात्री पट घेऊन बसले. आतापर्यंत शाळेचे ६२ दिवस झालेत. सात किंवा जास्त दिवस बुडालेली सात मुलं निघाली. पाच नावं माहीत होती. सहावा इतका शांत की त्याची रिकामी जागा मला जाणवलीच नव्हती. सातवी पहिल्या बाकावर बसते, प्रत्येक प्रश्नाला हात वर असतो, आणि तिचे नऊ दिवस गेलेत. हिला यादीत पाहून मी पान दोनदा मोजलं.

परिचारिकाताईंना उद्या मधल्या सुट्टीत फोन करते. अभ्यासिकावाल्या ताई, तुमच्या संमतीपत्राचा मजकूर इथे टाकाल का? घरी वाचणारं कुणी नसेल तर तुम्ही ते कसं समजावून सांगता, तेही लिहा.