पोत्यामागे अर्धा किलो

सांगली मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. मालक म्हणतात, पोत्यामागे अर्धा किलो कमी लिही. काल एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पावती न वाचताच खिशात घातली. बोटं हळदीनं पिवळी. रात्री प्रार्थनेला शब्द फुटेना. पदरात दोन लेकरं आहेत. काय करू?

उत्तर : भाऊ, बायबलमधलं नीतिसूत्रे ११:१ वाचा. खोट्या तराजूचा देवाला वीट येतो. यातून पळवाट नाही.

उत्तर : खरंय, पण बायबलमधला दानीएल बाबेलात, परक्या राजाच्या दरबारात, भांडला नाही. आपल्या धर्मात न बसणारं राजाचं अन्न नाकारताना कारभाऱ्याला म्हणाला, १० दिवस नुसता भाजीपाला देऊन पारखून बघा. तुम्हीही मालकांकडे मुदत मागा. नोकरी गेलीच तर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, या, एकटे पडू देणार नाही.

प्रश्नकर्ता : आज बोललो. मालक गप्पच. पहिल्या पोत्याचं पूर्ण वजन लिहिलं, हात कापत होता.