दोघींनी एकत्र गायचं, पण एकाच सुरात नाही: हे जमवायचं कसं?

रामबागची_सून (इंदूर)

मंडळी, प्रश्न गाण्याचा आहे, पण थोडा घरचाही आहे, म्हणून जरा लांबण लागणार.

मी आणि माझी धाकटी जाऊ घरात गातो. हळदीकुंकू, डोहाळजेवण, गणपतीतल्या आरत्या, एवढाच आमचा पसारा. लहानपणी मी गाण्याच्या बाईंकडे बसून चार परीक्षा दिल्या होत्या. जाऊ उज्जैन जिल्ह्यातल्या तराणा गावची, माहेरी मालवी बोलणारी. पेटीला तिने कधी बोट लावलं नाही, पण पितृपक्षातली मुलींची संजाची गाणी आणि लग्नातली बन्ना-बन्नी विचाराल तर सकाळ होईल, तिची संपणार नाहीत. लग्नाला अकरा वर्षं झाली. आता मराठी माझ्यापेक्षा ठसक्यात बोलते. 'ळ' तर माहेरूनच घेऊन आली, आमच्या इंदूरच्या पोरांना तो अजून येत नाही.

झालं असं की यूट्यूबवर भटकताना मला एक अल्बम सापडला, 'अडियू फॉल्स हार्ट'. २००६ चा आहे. लिंडा रॉन्स्टॅड आणि ॲन सव्हॉय, दोघींनी मिळून गायलेला. जोडीचं नाव त्यांनी 'झोझो सिस्टर्स' ठेवलं होतं. झोझो म्हणजे अमेरिकेतल्या लुईझियानाच्या फ्रेंच बोलीत पक्षी. लिंडा सत्तरच्या दशकातली अमेरिकेची मोठी पॉप गायिका, मूळची ॲरिझोनातल्या टूसॉनची. पण मला ओढ लागली ती ॲनची. ही बाई जन्माने केजन, म्हणजे लुईझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांपैकी, नाहीच. सेंट लुईसमध्ये जन्मली, व्हर्जिनियात वाढली, आणि लग्न होऊन लुईझियानातल्या यूनिस गावी आली. नवरा अकॉर्डियन बनवणारा. सासरची फ्रेंच गाणी शिकली, म्हाताऱ्या वादकांकडे जाऊन त्यांच्याकडून ती उतरवून घेतली आणि १९८४ मध्ये केजन संगीतावर जाडजूड पुस्तक काढलं. सासरच्या गाण्यांची वही सुनेने जपली! हे मी जावेला वाचून दाखवलं तर म्हणाली, "ताई, मग माझी वही कुठाय?"

तर आता प्रश्न. त्या अल्बममध्ये दोघी एकदम गातात, शब्द तेच, पण एकीचा सूर वर, एकीचा खाली, आणि तरी कानाला टोचत नाही. मधेच कोण कुठली तेही कळेनासं होतं. हे ऐकल्यापासून माझी जाऊ भोंडल्याच्या गाण्यांत आणि जात्यावरच्या ओव्यांत आपोआप वरचा सूर धरून राहिली आहे. कधी अंगावर काटा येतो, कधी सगळं विस्कटतं. सासूबाई देवघरातून म्हणतात, "एक गाते इंदूरला, दुसरी देवासला."

हे बेसूर आहे का? नसेल तर रियाज कसा करायचा? आणि ओवीवर हे करणं म्हणजे आगाऊपणा वाटतो का तुम्हाला? खरं सांगा, मी रागावणार नाही.

जुनी_पेटी

ताई, मी पेट्या दुरुस्त करतो, गवई नाही. पण तुमच्या सासूबाईंचा विनोद वहीत लिहून ठेवला.

बेसूर नाही. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, हे तुमच्या बाईंनी सांगितलं असेलच. तुमची जाऊ तोच गंधार गळ्यातून काढते आहे. तुम्ही सा म्हणता तेव्हा ती ग, तुम्ही रे म्हणता तेव्हा ती म. ह्याला तिकडे तिसऱ्याची जोड म्हणतात, इतकंच.

विस्कटतं कुठे ते सांगतो. पहिलं, तुमच्या काही ओव्यांची चाल भूप रागाच्या अंगाने जात असणार. भूपात मध्यम वर्ज्य. तुम्ही रे वर आलात की जाऊबाई हिशेबाने म वर जाणार, आणि सगळा भूप खल्लास. तिथे तिला पंचमावर पाठवा, नाहीतर सरळ गंधारावर थांबवा. ज्या चालीत सातही सूर लागतात तिथे हा त्रास नाही. दुसरं, पेटी. पेटीचा गंधार खऱ्या गंधारापेक्षा चढा असतो, सगळ्या पट्ट्यांतून वाजवता यावी म्हणून तशी तडजोड केलेली असते. पेटी धरून गायलात तर जोड कडक वाटणार. पेटी बंद करा. नुसता तानपुरा लावा, मोबाइलमधला चालेल.

आणि तुमची गाण्याची पट्टी, म्हणजे सा, काळी चार असेल तर पांढरी चारवर उतरा. वरची जोड धरणारीला जागा हवी ना भिया, नाहीतर ती किंचाळणार.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. केजन अकॉर्डियनला एका ओळीत दहाच बटणं असतात. भाता दाबला की एक सूर, ओढला की त्याच बटणातून दुसरा. हे वाद्य त्यांच्याकडे जर्मनीहून आलं, आपली पेटीही युरोपातूनच आली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन माल बंद पडला, तेव्हा लुईझियानातल्या लेक चार्ल्सच्या सिडनी ब्राउनने तिथेच अकॉर्डियन बनवायला घेतलं. ॲनबाईंचे यजमान त्याच वाटेने पुढे गेले. मजा अशी की हे लोक बरेचदा गंधाराच्या पात्या, म्हणजे आत थरथरणाऱ्या धातूच्या रीड, घासून सूर उतरवून घेतात, गोड लागावा म्हणून. सूर उतरवायचा तर पाती बुडाशी घासायची, चढवायचा तर टोकाशी. हे इंदूरलाही तसंच आणि यूनिसलाही तसंच. आपल्याकडे विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक सुरांची, पेटी केली ती ह्याच दुखण्यावर.

आणि आगाऊपणाचं म्हणाल तर १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवरच बंदी घातली होती, १९७१ पर्यंत चालली. तेव्हा ती परकी होती. आज तिच्याशिवाय तुमचं हळदीकुंकू होत नाही.

नाकझाडू

मी उलट बाजू मांडतो. अल्बम केजन म्हणून ऐकायला घेतला आणि माझी निराशा झाली. फ्रेंच गाणी मोजून तीन. त्यातलं एक तर पॅरिसचं, १९३० च्या सुमाराचं. बाकी बिल मन्रो, रिचर्ड थॉम्पसन वगैरेंची इंग्रजी गाणी, आणि शेवटाकडे 'वॉक अवे रेने', जे १९६६ चं पॉप गाणं आहे. नाचायचं केजन संगीत हवं असेल तर हे नाही. जो फाल्कन आणि क्लिओमा ब्रो यांचं १९२८ चं ध्वनिमुद्रण शोधा, केजन संगीताची पहिली तबकडी तीच. खरखर आहे, पण पाय हलतात.

मान्य करतो एवढंच, की रॉन्स्टॅडने इथे आवाज आवरला आहे. तिचा जुना आवाज म्हणजे सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत फेकलेला. इथे ती बाजूला बसलेल्या बाईसाठी गाते. पुढे २०१३ मध्ये तिने जाहीर केलं की आजारामुळे आता गाता येत नाही. ते कळल्यावर मी पुन्हा ऐकला. मत बदललं नाही, पण दोनदा ऐकला.

परत_आलेले_आजोबा (सुदामा नगर)

मुलगा ह्यूस्टनला होता तेव्हा दोन हिवाळे काढले तिथे. एका शनिवारी हट्ट धरून यूनिसला नेलं त्याला, साडेतीन तास गाडी. सव्हॉय मंडळींचं दुकान गावाबाहेर हमरस्त्यावर आहे. शनिवारी सकाळी तिथे कोणीही वाद्य घेऊन यावं आणि वाजवावं, तिकीट नाही, माईक नाही. लोक बुदँ नावाचे भात-मांसाचे सॉसेज घेऊन येतात. मी शाकाहारी, डोनटवर भागवलं. आपल्याकडे रविवारी पोह्यांच्या गाडीपाशी जमतात तशी गर्दी, फक्त मधे फिडल, म्हणजे व्हायोलिन.

मला तिथे एक गोष्ट फार आवडली. दोन फिडलवाले असतील तर एक चाल वाजवतो आणि दुसरा खालच्या तारांवर नुसता आधार देत बसतो. त्याला ते 'सेकंड' म्हणतात. ऐंशीच्या घरातला एक म्हातारा तीन तास सेकंडच वाजवत होता. पोराने विचारलं, तुम्ही पुढे का येत नाही? तो हसला फक्त. ताई, तुमच्यातली एखादी तरी असं खाली बसायला तयार आहे का ते आधी बघा.

ह्या लोकांचा इतिहास वाचाल तर ओव्या आठवतील. मूळचे कॅनडातल्या अकेडियाचे फ्रेंच. १७५५ मध्ये इंग्रजांनी घरंदारं जाळून बोटींत भरून हाकललं, त्यातले काही फिरत फिरत लुईझियानात पोचले. अकेडियनचं केजन झालं. १९२१ मध्ये राज्यघटनेतच शाळा इंग्रजीत चालतील असं लिहिलं गेलं, वर्गात फ्रेंच बोललं की पोरांना शिक्षा. भाषा शाळेतून गेली, स्वयंपाकघरात आणि गाण्यात राहिली. माझ्या नातवाला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत देतो. पण आरती तोंडपाठ आहे बरं का त्याची.

रामबागची_सून

सगळ्यांचे आभार. नाकझाडू, तुमची तबकडी ऐकली. जावेला ती अल्बमपेक्षा जास्त आवडली, म्हणजे तुम्ही जिंकलात.

पेटी बंद करून, पांढरी चार लावून, काल जेवणं झाल्यावर बसलो. जुनी_पेटी, तुमचं भूपाचं निदान अगदी बरोबर निघालं. रे आला की ती मध्यमावर जात होती. पंचम सांगितला तर तिला तो लांब वाटतो, म्हणते उडी मारावी लागते. मग ती गंधारावरच थांबली, आणि तिथे बसलं. दुसरी ओवी मात्र सोडून दिली, ती काही केल्या जमेना.

आजोबा, तुमचं वाक्य मी मनाला लावून घेतलं. इतके दिवस चाल मीच धरत होते, परीक्षा मी दिल्या ना. काल उलटं केलं. संजाचं गाणं तिने म्हटलं, मालवीत, आणि मी खाली नुसता सा धरून बसले. अवघड आहे हो! दोन ओळींत माझा गळा चालीकडे पळायला लागला. तिने डोळे वटारले तेव्हा परत सा वर आले.

सासूबाई आतून आल्या, दारात उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी जावेला विचारलं, "ह्याची पुढची कडवी येतात का तुला?" येतात म्हणाली. "मग लिहून काढ. माझी ओव्यांची वही आहे, मागची पानं कोरी आहेत."

आता एक छोटा प्रश्न राहिला: सा धरून बसताना श्वास कुठे घ्यायचा? मी सगळ्यात चुकीच्या जागी घेते.

जुनी_पेटी

ती घेते तेव्हा घेऊ नका. तिच्या ओळीच्या मध्यावर, चोरून घ्या.