शिंदळ माकुडी परत शिवनेरीवर नेऊन लावावी का?

गच्चीवाली, कोथरूड
चार वर्षांपूर्वी सासूबाईंच्या भिशीतल्या एका काकूंनी बोटभर फांदी दिली. "लाव, मरत नाही." पहिल्याच हिवाळ्यात पानं गळाली, नुसत्या काड्या उरल्या. फेकायलाच निघाले होते. पावसाळ्यात पुन्हा पालवी, आणि ऑगस्टमध्ये चांदणीसारखं, कोकमाच्या रंगाचं, पिवळ्या डागांचं फूल! छाटून छाटून आता बारा कुंड्या झाल्यात.

काल कळलं, ही शिंदळ माकुडी, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. जगात फक्त महाराष्ट्रात, त्यातही मोजक्या कड्यांवर. तेव्हापासून उगाच चोरीचा माल घरात असल्यासारखं वाटतंय. जूनमध्ये शिवनेरीला जाणार आहोत. सहा कुंड्या नेऊन कपारीत लावू का?

कातळवाट, जुन्नर
ताई, नका लावू. बाराही कुंड्या एकाच फांदीच्या, म्हणजे एकच झाड बारा ठिकाणी. वर कुंडीच्या मातीतून पिठ्या ढेकूण (रोपांवरची कीड) गडावर जायचा. शिवाय गड पुरातत्त्व खात्याचा, परवानगीशिवाय काही लावता येत नाही.

आणि ती कड्यावर का उरलीय? शेळीचं तोंड आणि वणवा तिथवर पोचत नाही म्हणून. तुमचा हात पोचेल तिथे शेळीही पोचेल.

(नाव बघा: वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने १८६०च्या दशकात तिला मुंबईच्या गव्हर्नर फ्रियरचं नाव दिलं. माकुडी म्हणणाऱ्यांना कोण विचारतो!)

गच्चीवाली
पटलं. मग बारा कुंड्यांचं करू काय?

मुरूमवाला, हडपसर
वाटा. कुंडीतलं रोप सहज मिळालं तर कड्यावरून कोण उपटेल? फांदी दोन-तीन दिवस सावलीत सुकवा, मग मुरूम आणि विटांच्या चुऱ्यात खोचा. पानं गळाली की पाणी अगदी बेताचं. तिच्या भाऊबंदांना बहुधा पानंच नसतात, हिला असतात, म्हणून लोक फसतात आणि गळालेली बघून बदाबदा पाणी घालतात. माझी दोन तशीच कुजली.

बी धरायचं तर दुसऱ्या मूळ झाडाची कुंडी शेजारी ठेवा, फवारणी बंद. परागीभवन माश्या करतात, त्या मारून कसं चालेल? शेंगा पिकायला लागल्या की मलमलची पुरचुंडी बांधा, नाहीतर झुपकेवालं बी शेजाऱ्यांच्या गच्चीत.

गडावर दिसलीच तर फोटो काढा, पण नेमकी जागा टाकू नका.

गच्चीवाली
दुसरी फांदी कुणाकडे आहे का? बदल्यात दोन कुंड्या देते. जास्त नाही, सहा सासूबाईंनी भिशीत आधीच कबूल करून टाकल्यात.